व्हर्च्युअल मशीनची नेटवर्क जोडणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून, बहुधा प्रात्यक्षिक परीक्षेच्या आदल्या आठवड्यात, जे प्रश्न आमच्याकडे पुन्हा पुन्हा येतात त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. प्रश्न पाठवणाऱ्यांपैकी बहुतेक जण व्हर्च्युअलबॉक्स (संगणकाच्या आत दुसरा आभासी संगणक, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, चालवणारे सॉफ्टवेअर) वापरतात, म्हणून पर्यायांची नावे आणि पत्ते त्यातीलच घेतले आहेत. इतर सॉफ्टवेअरसाठी प्रश्न १२ पाहावा. ज्या संगणकावर हे सॉफ्टवेअर चालते त्याला होस्ट आणि आत चालणाऱ्या मशीनला गेस्ट म्हटले आहे. आयपी पत्ते येथे देवनागरी अंकांत छापले असले, तरी मशीनमध्ये भरताना ते इंग्रजी अंकांतच भरावेत. ही सूचना अनावश्यक वाटेल, पण ती एका विद्यार्थ्याची अर्धी दुपार वाया गेल्यानंतर जोडलेली आहे.

१. व्हर्च्युअल मशीनसाठी वेगळे इंटरनेट कनेक्शन घ्यावे लागते का?

नाही. गेस्टमध्ये दिसणारे नेटवर्क कार्ड सॉफ्टवेअरने उभे केलेले असते आणि त्याची केबल होस्टच्या आतच कुठेतरी खोचलेली असते. सेटिंगमधील ‘नेटवर्क’ या पानावर आपण ठरवतो ते एवढेच, की ही केबल कुठे खोचायची. गेस्टला यातले काहीच कळत नाही; होस्ट वायफायवर असला, तरी आपण तारेने जोडलेले आहोत असेच त्याला वाटत राहते. या गैरसमजाचा एक खर्चिक परिणाम प्रश्न ७ मध्ये सांगितला आहे.

२. यादीत नॅट, ब्रिज, होस्ट-ओन्ली, इंटरनल असे कितीतरी पर्याय आहेत. मी कोणता निवडू?

पर्यायांची नावे पाठ करण्यापूर्वी कागदावर दोन गोष्टी लिहाव्यात: कोणाला कोणाशी बोलायचे आहे, आणि बोलणे सुरू कोण करणार आहे. गेस्टला केवळ बाहेर जाऊन पाने उघडायची आणि पॅकेज उतरवायची असतील, तर नॅट पुरते. होस्टला गेस्टमध्ये शिरायचे असेल, तर होस्ट-ओन्ली कार्ड जोडावे. घरातील किंवा प्रयोगशाळेतील तिसऱ्या संगणकाला गेस्टपर्यंत यायचे असेल, तेव्हाच ब्रिजचा विचार करावा. आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींतील बरीच मंडळी गरज नसताना ब्रिज लावून बसलेली असतात, कारण कुठल्यातरी व्हिडिओत तसे दाखवलेले असते. शंका असल्यास नॅट तसेच ठेवून त्याच्या जोडीला दुसरे कार्ड द्यावे. ती मांडणी प्रश्न १० मध्ये आहे.

३. माझ्या दोन्ही मशीनना १०.०.२.१५ हाच पत्ता मिळाला आहे. हे चुकीचे नाही का?

चुकीचे नाही. नॅट या पर्यायात व्हर्च्युअलबॉक्स प्रत्येक मशीनसाठी स्वतंत्र, इतरांपासून तोडलेले असे एक इवलेसे नेटवर्क उभे करते. त्यात गेस्टचा पत्ता १०.०.२.१५, बाहेर जाण्याचा दरवाजा १०.०.२.२ आणि नावे शोधून देणारा डीएनएस १०.०.२.३ असतो. प्रत्येक मशीनचे नेटवर्क वेगळे असल्यामुळे तेच पत्ते सर्वत्र वापरले तरी टक्कर होत नाही.

गेस्ट जेव्हा एखादे पान मागतो, तेव्हा व्हर्च्युअलबॉक्स ती मागणी स्वतःच्या नावाने होस्टकडून बाहेर पाठवते आणि उत्तर आले की गेस्टला देते. त्यामुळे घरच्या राउटरला गेस्टचे अस्तित्वच कळत नाही. त्याच्या दृष्टीने तो होस्टवरील एखाद्या ब्राउझरसारखाच एक प्रोग्राम असतो. या पडद्याचे फायदे आणि तोटे दोन्ही येथूनच निघतात. वायफाय असो, मोबाइल असो वा कॉलेजचे नेटवर्क, नॅट जवळपास सगळीकडे चालते. पण नॅटवरची दोन मशीन एकमेकांना पाहू शकत नाहीत आणि बाहेरून कोणी आपणहून आत येऊ शकत नाही.

४. गेस्टमध्ये वेबसर्व्हर चालू आहे, पण होस्टच्या ब्राउझरमध्ये १०.०.२.१५ टाकले की काहीच उघडत नाही. असे का?

कारण तो पत्ता पडद्याआडचा आहे, होस्टलाही तो माहीत नसतो. नॅट कायम ठेवून आत शिरायचे असेल, तर पोर्ट फॉरवर्डिंगचा, म्हणजे होस्टच्या एका पोर्टवर (सेवेच्या क्रमांकित दारावर) आलेली मागणी गेस्टच्या पोर्टकडे वळवण्याचा, नियम लिहावा लागतो. उदाहरणार्थ, होस्टचे पोर्ट ८०८० गेस्टच्या ८० शी आणि होस्टचे २२२२ गेस्टच्या २२ शी जोडले, की होस्टच्या ब्राउझरमध्ये १२७.०.०.१ या पत्त्यावर ८०८० पोर्ट मागितल्यास गेस्टचे पान दिसते.

येथे तीन ठिकाणी लोक अडखळतात. पहिले म्हणजे, होस्ट लिनक्स असल्यास १०२४ च्या खालची पोर्ट सामान्य वापरकर्त्याला घेता येत नाहीत, म्हणून ८० ऐवजी ८०८० घ्यावे. दुसरे म्हणजे, गेस्टमधील सर्व्हर फक्त स्वतःच्या १२७.०.०.१ वर ऐकत असेल, तर नियम बरोबर असूनही दार बंदच राहते. जँगो या वेब फ्रेमवर्कचा चाचणी सर्व्हर मुळात असाच, पोर्ट ८००० वर, सुरू होतो आणि त्याला ०.०.०.० वर, म्हणजे आपल्या सर्व पत्त्यांवर, ऐकायला सांगावे लागते. तिसरी गोष्ट सुरक्षेची आहे. नियमातील होस्टच्या पत्त्याचा रकाना रिकामा सोडला, तर त्याच वायफायवरील इतरांनाही ते पोर्ट मिळू शकते. केवळ स्वतःपुरते हवे असल्यास त्या रकान्यात १२७.०.०.१ भरावे.

५. ब्रिज लावल्यावर नेमके काय बदलते?

पडदा जातो. गेस्ट थेट राउटरच्या नेटवर्कवर, होस्टच्या शेजारी, स्वतःच्या मॅक पत्त्यासह (नेटवर्क कार्डाच्या ओळखक्रमांकासह) उभा राहतो आणि राउटरकडून स्वतःचा आयपी पत्ता मागून घेतो. व्हर्च्युअलबॉक्सचे मॅक पत्ते ०८:००:२७ ने सुरू होतात, म्हणून राउटरच्या यादीत ते ओळखणे सोपे जाते. घरातील प्रत्येक संगणकाला गेस्ट दिसतो, आणि गेस्टमधील ढिला पासवर्डही प्रत्येकाच्या आवाक्यात येतो. होस्टला एकापेक्षा अधिक कार्डे असतील, तर ब्रिज कोणत्या कार्डावर लावला आहे हे तपासावे. लॅपटॉप वायफायवर आणि ब्रिज मात्र रिकाम्या केबलच्या कार्डावर, ही चूक फार वेळा दिसते.

६. केबलवर ब्रिज व्यवस्थित चालतो, वायफायवर मात्र चालत नाही किंवा मध्येच तुटतो. दोष कोणाचा?

दोष कोणाचाच नाही, वायफायची रचनाच तशी आहे. केबलच्या स्विचला एका पोर्टमागे चार मॅक पत्ते दिसले तरी त्याची हरकत नसते. वायफायचा राउटर मात्र ज्या कार्डाने पासवर्ड देऊन नोंद केली आहे त्याच कार्डाच्या चौकटी (फ्रेम, म्हणजे पाठवलेल्या डेटाचे तुकडे) स्वीकारतो, आणि नेहमीच्या वायफाय चौकटीत ‘पाठवणारे कार्ड’ आणि ‘मूळ मालक’ असे दोन वेगळे पत्ते लिहायला जागाच नसते. त्यामुळे गेस्टचा परका मॅक पत्ता दारातच अडतो.

व्हर्च्युअलबॉक्स यावर एक युक्ती करते. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक चौकटीवर ते गेस्टऐवजी होस्टचा मॅक पत्ता चिकटवते आणि परत येणारे उत्तर आयपी पत्ता पाहून योग्य मशीनकडे वळवते. राउटरला मग एकाच मॅक पत्त्यावर दोन आयपी दिसतात. बहुतेक घरगुती राउटर हे चालवून घेतात. काही, विशेषतः संस्थांमधील कडक व्यवस्थापन असलेले, घेत नाहीत. मॅक पत्ता पाहून ठरावीक आयपी देण्याची सोय राउटरमध्ये केली असेल, तर तीही या मांडणीत भरवशाची राहत नाही. लिनक्सवर केव्हीएम (लिनक्समधील व्हर्च्युअल मशीनची सोय) वापरणाऱ्यांना ही युक्ती आपोआप मिळत नाही, तेथे साध्या ब्रिजमध्ये वायफाय कार्ड घालू गेल्यास कर्नल बहुधा सरळ नकार देते. वायफायवर ब्रिजसाठी झगडण्यात संध्याकाळ घालवण्यापेक्षा प्रश्न १० मधील मांडणी करावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

७. गावी वायफाय नाही, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करतो. कोणता पर्याय ठेवू?

नॅट, आणि दुसरे काही नाही. हॉटस्पॉट वायफायवर असल्यास प्रश्न ६ मधील अडचण लागू होते आणि यूएसबीने जोडला, तरी फोन हा काही घरच्या राउटरइतका मोकळा यजमान नसतो.

मात्र डेटाकडे लक्ष ठेवावे. होस्टवरील विंडोजला हे कनेक्शन मोजून मिळणारे आहे असे सांगितले असले, तरी ती सूचना गेस्टपर्यंत पोहोचत नाही. गेस्टमधील विंडोजला आपण तारेच्या, अमर्याद नेटवर्कवर आहोत असे वाटते आणि ते निश्चिंतपणे अपडेट उतरवायला घेते. शहाद्याच्या आणि साक्रीच्या विद्यार्थ्यांनी दिवसाचा डेटा सकाळीच संपत असल्याचे कळवले होते, त्याचे कारण हेच निघाले. गेस्टमधील इथरनेटच्या सेटिंगमध्येही ‘मीटर्ड कनेक्शन’ चालू करावे, किंवा काम नसताना त्या कार्डाची ‘केबल जोडलेली’ ही खूण काढून टाकावी. यासाठी मशीन बंद करावे लागत नाही.

८. कॉलेजच्या प्रयोगशाळेत ब्रिज लावला की पत्ता मिळत नाही. एकदा तर संगणकाचेच नेट गेले. काय झाले असावे?

संस्थेच्या स्विचवर प्रत्येक पोर्टमागे एकच मॅक पत्ता चालेल, असे बंधन घातलेले असू शकते. दुसरा पत्ता दिसताच काही स्विच ते पोर्टच बंद करतात आणि मग होस्टही तुटतो. हे बंधन जाणीवपूर्वक घातलेले असते, म्हणून मॅक पत्ता बदलून त्याला वळसा घालण्याचा प्रयत्न करू नये. नेटवर्क सांभाळणाऱ्या सरांना किंवा मॅडमना विचारावे, अन्यथा नॅट वापरावे.

९. होस्ट-ओन्ली आणि इंटरनल यांत फरक काय? दोन्हीत इंटरनेट नसते ना?

दोन्हीत नसते. फरक होस्टचा आहे. खान्देशातील जुन्या गावांत धाब्याची घरे एकमेकांना लागून असतात आणि गल्लीत पाऊल न टाकता धाब्यांवरून या घरातून त्या घरात जाता येते. इंटरनल नेटवर्क तसे आहे: एकाच नावाच्या इंटरनल नेटवर्कवरील गेस्ट आपसांत बोलतात, होस्टलाही त्यात प्रवेश नसतो. होस्ट-ओन्लीमध्ये होस्ट स्वतः त्या धाब्यावर १९२.१६८.५६.१ हा पत्ता घेऊन बसलेला असतो आणि व्हर्च्युअलबॉक्सचा डीएचसीपी गेस्टना १९२.१६८.५६.१०१ पासून पुढचे पत्ते वाटतो. इंटरनल नेटवर्कमध्ये असा वाटप करणारा कोणी सुरुवातीला नसतो, म्हणून पत्ते हाताने भरावे लागतात.

डीएचसीपी सर्व्हर उभारण्याचे प्रात्यक्षिक इंटरनल नेटवर्कवरच करावे. आम्ही स्वतः शिकत असताना ते ब्रिजवर केले होते. आमच्या गेस्टने अख्ख्या प्रयोगशाळेला भलतेच पत्ते वाटले आणि दोन तास कोणाचेच नेट चालेना. कारण सापडले तेव्हा कबुली देणे सोपे नव्हते. संशयास्पद सॉफ्टवेअर तपासायचे असेल, तर इंटरनल नेटवर्क किंवा ‘जोडलेले नाही’ हा पर्याय घ्यावा आणि होस्टशी सामायिक केलेले फोल्डरही बंद करावे, अन्यथा दार लावून खिडकी उघडी ठेवल्यासारखे होते.

१०. गेस्टला इंटरनेटही हवे आणि होस्टवरून त्यात शिरताही यायला हवे. दोन्ही एकदम कसे जमेल?

दोन कार्डे द्यावीत: पहिले नॅट, दुसरे होस्ट-ओन्ली. बाहेरची वाहतूक पहिल्यातून जाते आणि होस्टवरून येणारी दुसऱ्यातून. घरचा राउटर बदलला, लॅपटॉप जळगावहून चोपड्याला नेला, वायफायऐवजी मोबाइल लावला, तरी गेस्टचा १९२.१६८.५६ चा पत्ता तसाच चालत राहतो. ब्रिजवर हे सुख नाही.

एक पथ्य मात्र पाळावे. दुसऱ्या कार्डाला हाताने पत्ता देताना गेटवेचा (बाहेर जाण्याच्या दरवाजाचा) रकाना रिकामा ठेवावा. भुसावळहून एक मार्ग नागपूरकडे आणि दुसरा खंडव्याकडे जातो. ‘बाकी सर्व ठिकाणे’ असा फलक दोन्ही मार्गांवर लावला, तर निम्म्या गाड्या भलतीकडे जातील. दोन गेटवे दिलेल्या गेस्टचे तसेच होते, आणि होस्ट-ओन्लीच्या मार्गाला पुढे इंटरनेट नसल्यामुळे नेट कधी चालते, कधी चालत नाही. तसेच उबुंटू सर्व्हरमध्ये नंतर जोडलेले दुसरे कार्ड आपोआप चालू होत नाही. नेटप्लॅनच्या (उबुंटूच्या नेटवर्क मांडणीच्या) फाइलमध्ये त्याची नोंद करावी लागते.

११. ‘नॅट’ आणि ‘नॅट नेटवर्क’ हे एकच आहेत का?

नाहीत. नॅट नेटवर्कमध्ये अनेक गेस्ट एकाच पडद्याआड एकत्र बसतात, त्यांना वेगवेगळे पत्ते मिळतात आणि ते आपसांत बोलू शकतात. वेबसर्व्हर एका मशीनवर आणि डेटाबेस दुसऱ्यावर, शिवाय दोघांनाही इंटरनेट, अशी गरज असल्यास हा पर्याय योग्य आहे. आधी ते नेटवर्क साधनांच्या पानावर तयार करावे लागते. होस्टवरून आत जाण्यासाठी येथेही प्रश्न ४ प्रमाणे पोर्ट फॉरवर्डिंग लागते.

१२. मी व्हीएमवेअर, हायपर-व्ही किंवा केव्हीएम वापरतो. माझ्याकडे ही नावे दिसत नाहीत.

कल्पना त्याच आहेत. व्हीएमवेअर वर्कस्टेशनमध्ये व्हीएमनेट ० म्हणजे ब्रिज, व्हीएमनेट १ म्हणजे होस्ट-ओन्ली आणि व्हीएमनेट ८ म्हणजे नॅट. तेथील नॅट हे व्हर्च्युअलबॉक्सच्या नॅट नेटवर्कसारखे सामायिक असते आणि होस्टही त्यात असतो, त्यामुळे प्रश्न ४ मधील अडचण होस्टपुरती येत नाही.

हायपर-व्हीमध्ये आभासी स्विच निवडावा लागतो: एक्स्टर्नल म्हणजे ब्रिज, इंटर्नल म्हणजे होस्ट-ओन्ली आणि प्रायव्हेट म्हणजे केवळ गेस्ट आपसांत. नावांची गफलत येथेच होते, कारण व्हर्च्युअलबॉक्सचे ‘इंटरनल’ म्हणजे हायपर-व्हीचे ‘प्रायव्हेट’. विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून नॅटसाठी ‘डीफॉल्ट स्विच’ तयार मिळतो, परंतु होस्ट पुन्हा सुरू केल्यावर त्याचे पत्ते बदलू शकतात, म्हणून त्यावर कायमचा पत्ता भरू नये.

केव्हीएममध्ये ‘डीफॉल्ट’ नावाचे नॅट नेटवर्क १९२.१६८.१२२ या मालिकेत चालते आणि होस्ट १९२.१६८.१२२.१ वर असतो. त्यातील मॅकव्हीटॅप हा पर्याय ब्रिजसारखा दिसतो, मात्र त्यात गेस्ट साऱ्या नेटवर्कशी बोलतो आणि स्वतःच्या होस्टशीच बोलू शकत नाही. ही त्या रचनेची मर्यादा आहे, तुमची चूक नव्हे.

१३. एका मशीनच्या तीन प्रती काढल्या. मॅक पत्ते वेगळे आहेत, तरी तिघांना एकच आयपी मिळतो. हे कसे?

मॅक पत्ते खरोखर वेगळे आहेत, याची आधी खात्री करावी. प्रत काढताना ‘सर्व कार्डांसाठी नवीन मॅक पत्ते’ हा पर्याय निवडावा लागतो. त्यानंतरही, आणि कार्ड प्रश्न ३ मधील नॅटवर नसतानाही, आयपी एकच येत असेल, तर गेस्ट बहुधा उबुंटू सर्व्हर असतो. उबुंटू १८.०४ पासून सर्व्हरमधील नेटवर्क व्यवस्था डीएचसीपीकडे जाताना मॅक पत्त्याऐवजी ‘मशीन-आयडी’ या फाइलवरून काढलेली ओळख सांगते. प्रत काढताना ती फाइल जशीच्या तशी आली, म्हणून तीन मशीन एकाच आधार कार्डावर रेशन मागायला आली, आणि डीएचसीपीने तिघांना एकच माप दिले.

उपाय दोन आहेत. प्रत काढण्यापूर्वी मूळ मशीनमधील मशीन-आयडीची फाइल रिकामी करावी, म्हणजे प्रत्येक प्रत पहिल्यांदा सुरू होताना स्वतःची नवीन ओळख तयार करते. किंवा नेटप्लॅनमध्ये डीएचसीपीची ओळख मॅक पत्त्यावरून द्यावी असे लिहावे. पहिला उपाय अधिक चांगला, कारण मशीन-आयडी इतरही ठिकाणी वापरली जाते. एसएसएचच्या (दुरून सुरक्षितपणे आत शिरण्याच्या सेवेच्या) किल्ल्याही प्रतींमध्ये सारख्याच राहतात. त्या वेगळ्याने नव्या कराव्यात.

१४. पिंग जात नाही, पण ब्राउझर चालतो. नेट आहे की नाही?

आहे. व्हर्च्युअलबॉक्सच्या नॅटमधून पिंग (दुसरे मशीन उत्तर देते का ते पाहणारी चाचणी) आणि मार्ग शोधणारी साधने नेहमी भरवशाने चालत नाहीत, म्हणून तेथे पिंगवरून निष्कर्ष काढू नये. होस्ट-ओन्ली किंवा ब्रिजवर विंडोजला केलेले पिंग अडत असेल, तर बहुतेक वेळा त्या विंडोजचा फायरवॉल कारण असतो. उलट दिशेने, म्हणजे विंडोजवरून लिनक्सला, पिंग करून पाहावे.

१५. वीज गेली, राउटर बंद पडला, लॅपटॉप मोबाइलवर जोडला. होस्टवर नेट आले, गेस्टमध्ये मात्र एकही संकेतस्थळ उघडत नाही.

उन्हाळ्यात हा प्रश्न सर्वाधिक येतो. ब्रिज असेल, तर गेस्टकडे बंद पडलेल्या राउटरचाच पत्ता आहे, आणि ब्रिजचे कार्ड बदलावे लागेल. नॅट असेल, तर वाट बहुधा शाबूत असते, केवळ डीएनएसचा जुना पत्ता गेस्टला चिकटून राहिलेला असतो. गेस्टमधील कार्डाची केबल सेटिंगमधून काढून पुन्हा जोडावी, म्हणजे तो नव्याने पत्ता मागतो. असे वारंवार होत असल्यास नॅटच्या डीएनएससाठी होस्टचीच नावशोध यंत्रणा वापरण्याची सोय व्हर्च्युअलबॉक्सच्या आज्ञावलीतून चालू करता येते.

१६. होस्टवर व्हीपीएन चालू आहे. गेस्टही त्यातूनच जातो का?

व्हर्च्युअलबॉक्सच्या नॅटवर असल्यास होय, कारण गेस्टची मागणी होस्टचाच एक प्रोग्राम बाहेर पाठवत असतो (प्रश्न ३). ब्रिजवर असल्यास नाही. गेस्टच्या चौकटी होस्टच्या व्हीपीएनला स्पर्श न करता थेट राउटरकडे जातात. घरून कार्यालयाचे काम करणाऱ्यांनी हा फरक नीट ध्यानात घ्यावा: होस्टवर कुलपाचे चिन्ह दिसते म्हणून ब्रिजवरचा गेस्ट सुरक्षित झाला, असे होत नाही.

१७. होस्ट-ओन्लीला १९२.१६८.१००.१ द्यायला गेलो, तर परवानगी नाकारली.

होस्ट लिनक्स किंवा मॅक असावा. व्हर्च्युअलबॉक्स ६.१.२८ पासून तेथे होस्ट-ओन्लीसाठी १९२.१६८.५६.० ते १९२.१६८.६३.२५५ एवढीच मर्यादा मुळात मोकळी ठेवली आहे. दुसरी मालिका हवी असल्यास ‘ईटीसी’मधील ‘व्हीबॉक्स’ फोल्डरात ‘नेटवर्क्स.कॉन्फ’ या फाइलमध्ये ती लिहावी लागते. खास कारण नसल्यास ५६ चीच मालिका ठेवावी.

१८. गेस्टवर संकेतस्थळ ठेवले आहे. ब्रिज लावला, तर ते पुण्यातील मित्राला दिसेल का?

केवळ ब्रिजने दिसणार नाही. ब्रिजमुळे गेस्ट घरच्या राउटरपर्यंत आला, पण राउटर स्वतःही नॅटच करत असतो, म्हणून त्याच्यावर आणखी एक पोर्ट फॉरवर्डिंगचा नियम लागतो. तो लिहूनही उपयोग झाला नाही, तर राउटरच्या पानावर त्याला बाहेरून मिळालेला पत्ता पाहावा. तो १००.६४ ते १००.१२७ यांच्या दरम्यान सुरू होत असेल, तर सेवा देणाऱ्या कंपनीने अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता दिला आहे. ही मालिका २०१२ मध्ये याच कामासाठी राखून ठेवण्यात आली. अशा वेळी तिसरा पडदा कंपनीच्या ताब्यात असतो आणि तो आपल्याला हलवता येत नाही. कंपनीकडून स्थिर सार्वजनिक पत्ता विकत घेणे, दोन्ही बाजूंना आयपीव्ही६ असल्यास ते वापरणे, किंवा बाहेरच्या एखाद्या सर्व्हरपर्यंत बोगदा (टनेल) काढणे, हे मार्ग उरतात. प्रकल्प एकदाच दाखवायचा असेल, तर बोगदा पुरेसा आहे, आणि त्यासाठी गेस्टला ब्रिजवर आणण्याचीही गरज नाही. बोगदा आतून बाहेर काढला जातो, म्हणून तो नॅटमधूनही जातो.